पेरोच्या तोंडातलं कातडं

तीर्थरूप तेगवेन आत्यास,

मेरिगचा नमस्कार. तुझ्या हाफोदच्या घराच्या फाटकाशी उभा राहून, टोपी काढून करतो आहे असं समज, म्हणजे आशीर्वाद देताना तुझा हात आखडणार नाही. नव्या खुब्याची तब्येत काय म्हणते? तुझी लेक नेरिस सांगत होती की तू आता जिना धड चढतेस आणि उतरताना डॉक्टरच्या नावाने खडे फोडतेस, म्हणजे बरीच सुधारणा आहे. कार्डिफची हवा मानवली का? शेजारच्या फ्लॅटमधली बाई तुझ्याशी बोलत नाही, की तू तिच्याशी बोलत नाहीस? (नेरिसने दोन्ही तऱ्हांनी सांगितलं. मी तुझ्याच बाजूचा आहे, फक्त बाजू कुठली ते कळव.) इकडे आम्ही सगळे ठीक. पाऊस आडवा पडतो आहे, मेंढ्या वितायत, माणसं एकमेकांवर खेकसतायत, म्हणजे मार्च महिना नेहमीसारखाच चालला आहे. तुझं घरही ठीक आहे. टपालाची गाडी घेऊन रोज जाताना पुढून एक नजर टाकतो. कौलं जागच्या जागी आहेत.

तुझं पत्र पोचलं. पोचणारच, वाटणारा मीच. तुझं अक्षर पाहून गाडी रस्त्यातच उभी केली आणि वाचलं, त्यामुळे पुढच्या तीन घरांना त्या दिवशी टपाल उशिरा मिळालं आणि त्याची तक्रारही माझ्याकडेच आली. तू अगदी मोजकं लिहिलं आहेस. एमरिसच्या मेनावहिनींनी नेरिसला फोन करून काय काय सांगितलं ते आधी आहे आणि शेवटी एकच वाक्य: "पेरोने मेंढीला तोंड लावलं असेल, तर हुवेलने जे केलं असतं तेच कर."

आत्या, हुवेलकाकांनी काय केलं असतं ते खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोकरू मारणारा कुत्रा आपल्याकडे ठेवत नाहीत, मग तो कितीही गुणाचा असो. काकांनी स्वतःची लाडकी कुत्री फ्लाय घरामागे नेली होती आणि नंतर कितीतरी दिवस ते जेवायला बसून नुसतं ताटाकडे बघायचे, हे तूच मला सांगितलंस. म्हणून आधीच सांगून टाकतो की मी काहीही केलेलं नाही. पेरो या घटकेला माझ्या पायावर हनुवटी टाकून घोरतो आहे आणि माझा पाय बधिर झाला आहे. पण तुझा शब्द तुझ्या हातचा लिहून आला आहे, कुत्रा तुझा आहे, आणि तो शब्द तूच मागे घेतल्याशिवाय या बिचाऱ्याच्या मानेवरची बंदूक हलत नाही. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, हे टपालखात्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

सुरुवातीपासून सांगतो. शिशिर लागायच्या आधी दवाखान्यात जाताना तू माझ्या हवाली तीन गोष्टी केल्यास: काकांची दुनळी बंदूक, काकांचा कोट आणि काकांचा कुत्रा. बंदूक मला जड होते, कोट सैल होतो आणि कुत्र्याला मी पसंत नाही. पण आपल्या खोऱ्याचं तुला माहीत आहे. तो कोट अंगात असला की आतला माणूस कोण ते कुणी बघत नाही. कोटाला कोल्हा मारता येतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मी घालून टपाल टाकायला निघालो, तो पहिल्याच फाटकातून हाक आली, "मेरिग, वरच्या रानात कावळे फार झालेत, जरा बघतोस का?" नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि तिथून माझ्या मागची साडेसाती सुरू झाली.

कावळ्यांचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आणि लपवण्यासारखं फार आहे. नुकत्याच जन्मलेल्या कोकरांचे डोळे फोडतात मेले, त्यामुळे त्यांची कीव करायचं कारण नाही. पेनलानच्या एमरिसच्या रानात मी गवताच्या गाठोड्यांचा आडोसा केला, समोर भुलवायला प्लॅस्टिकचा कावळा ठेवला आणि आत पेरोला घेऊन दबा धरून बसलो. बसून बसून भूक लागली म्हणून डबा उघडला. पेरोने माझ्याकडे असं पाहिलं की काकांनी दबा धरून असताना जन्मात कधी डबा उघडला नसावा. मी लाजेने अर्धा पाव त्याला दिला. त्याने तो खाल्ला आणि तोंड फिरवून बसला. शेवटी एकदाचे कावळे उतरले, मी नेम धरला, बार काढला, आणि एक कावळा पडला. तो प्लॅस्टिकचा होता. खरे कावळे शेजारच्या भिंतीवर बसून बघत होते. पेरो गेला, त्याने तो प्लॅस्टिकचा कावळा अदबीने उचलला आणि जो डोंगर उतरायला लागला तो माझ्याकडे न बघता दिसेनासा झाला. कावळा पुन्हा मिळाला नाही.

आणि हे एकदाच झालं असतं तर मी बोललो नसतो. आत्या, राग मानू नकोस, पण तुझा कुत्रा चोर आहे. माझा एक हातमोजा गेला. माझी डावी सपात गेली (उजवी अजून आहे, तिचं काय करू ते सुचत नाही). पाद्रीसाहेबांची ससेकातड्याची टोपी, जी त्यांना सासूने दिली होती आणि म्हणून जी हरवायला ते स्वतः बरीच वर्षं झटत होते, ती चॅपेलच्या बाकावरून गेली. (त्यांनी पेरोचे आभार मानले.) मी विचार केला, याला शिस्त लावावी. काका असताना हा मारलेल्या कोल्ह्याचं शेपूट तोंडात धरून हाफोदच्या मागच्या दाराशी यायचा आणि तू त्याला मनुकांच्या पावाचं टोक द्यायचीस, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मीही माझ्या दाराशी मनुकांचा पाव घेऊन उभा राहून पाहिलं. त्याने पाव खाल्ला. आणलं काहीच नाही.

आता मुख्य प्रकार. पेनलानची कोकरं जायला लागली. कोल्हिणीचंच काम, पावलं दिसत होती. म्हणून शनिवारी सकाळी हाकारा ठरला. लागवडीच्या जंगलाच्या कडेने आम्ही बंदूकवाले थोड्याथोड्या अंतरावर उभे राहणार आणि कुत्री आतून कोल्हीण उठवणार. कायद्याने दोनच कुत्री लावता येतात, ते आम्ही काटेकोर पाळलं: एक पेरो आणि दुसरी पाद्रीसाहेबांची म्हातारी शिकारी कुत्री, जिला आता कशाचाच वास येत नाही आणि जी केवळ आकडा पुरा करायला येते. मला उभं केलं भिंतीच्या खिंडाराशी. काकांची जागा! "कोल्हा येतो तो इथूनच येतो," एमरिस मला बजावून गेला, "काकांच्या कोटाची लाज राख."

आणि ती आलीच, आत्या. पेरोचा आवाज जंगलात घुमला, झुडूप हललं आणि कोल्हीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी जवळ, की तिच्या मिशांवरचं पाणी दिसत होतं. मी बंदूक उचलली, तेव्हा आठवलं की ती भरलेली नाही. घाईघाईने काकांच्या खिशात हात घातला, हाताला काडतूस लागलं, नळीत सारलं, बंदूक मिटली, नेम धरला आणि घोडा ओढला. नुसती टिचकी वाजली. पुन्हा ओढला, दुसऱ्या नळीत तर काहीच नव्हतं. कोल्हिणीने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, अंग झटकलं आणि पेनलानच्या रानाकडे सावकाश चालत गेली. बंदूक उघडली तर आतून पेपरमिंटचा घमघमाट आला. काकांच्या खिशातली ती चॅपेलच्या गोळ्यांची गुंडाळी होती, प्रवचन लांबलं की तू त्यांना देत होतीस ती. अगदी काडतुसाच्या मापाची! (मी त्यातल्या दोन गोळ्या तिथेच खाल्ल्या. अशा वेळी माणसाने करायचं तरी काय?) पेरो माझ्या शेजारून धावत गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

बराच वेळ काही झालं नाही. आम्ही सगळे पेनलानच्या फाटकाशी जमलो, मी तिथे उभा राहून पेपरमिंटबद्दल कुणाला काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात वरच्या रानातून पेरो येताना दिसला. एक कान फाटलेला, छाती चिखलाने भरलेली, आणि तोंडात कोकराचं कातडं. ओलं, रक्ताळलेलं, लोकर लोंबणारं. आम्हा सगळ्यांच्या समोरून तो नाकासमोर बघत खाली निघाला होता. एमरिसने त्याला पट्ट्याला धरून थांबवलं. पाद्रीसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"तेगवेनचा कुत्रा आहे म्हणून थांबतो," एमरिस म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "माझा असता तर एवढंही थांबलो नसतो."

"अरे, पण आधी कोकरू तर सापडू दे," मी म्हटलं.

"कातडं हातात आहे, मेरिग! आता कोकरू काय चालत येऊन तक्रार करणार आहे?"

खोटं कशाला बोलू, मी त्या क्षणी पेरोच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो तो काही धैर्याने नव्हे, बाजूला कुठे सरकायचं तेच सुचलं नाही म्हणून. पण मालकाच्या शब्दाशिवाय दुसऱ्याच्या कुत्र्यावर बार काढायचा नाही ही आपली रीत, आणि एमरिस रीत मोडणाऱ्यातला नाही. "तेगवेनला विचार," तो म्हणाला, "ती म्हणेल तसं." मी पेरोला दोरी बांधून घरी आणलं. ते कातडं सोडायला तो काही केल्या तयार नव्हता. तेवढ्यात मेनावहिनींनी बातमी कार्डिफला पोचवलीसुद्धा. टपालखातं उगाच गाड्या पळवतं.

मग तुझं पत्र आलं. ते खिशात घालून मी टपाल टाकत पेनलानला गेलो. एमरिसला दाखवायचं होतं, आणि नव्हतंही. गोठ्यात मेनावहिनी एका मेंढीशी झुंजत होत्या. मेंढी एका कोकराला ढुशा मारून मारून कोपऱ्यात उडवत होती आणि वहिनी त्याला पुन्हा पुन्हा तिच्या पोटाशी लावत होत्या.

"शनिवारी सकाळी कसं छान घेतलं होतं गं बाई याला," वहिनी म्हणाल्या. "आता बघ. जवळसुद्धा करत नाही. कोट गेला ना याचा!"

"कसला कोट?" मी विचारलं.

"अरे, कोट! हिचं पिल्लू मेलं, ते सोलून त्याचं कातडं ह्यांनीच नाही का चढवलं या पोरक्याच्या अंगावर? वासाने हिला आपलंच वाटलं. पण तुम्ही सगळे बंदुका घेऊन फाटकात ताटकळलेले, म्हणून ह्यांची घाई. मी म्हटलं, दोरी नीट आवळा, गळून पडेल. पण माझं ऐकतंय कोण? संध्याकाळी हा भिंतीमागे उघडा कुडकुडत होता."

आत्या, माझ्या हातातलं पेनलानचं टपाल शेणात पडलं. तेवढ्यात एमरिस बादली घेऊन आत आला. मेंढ्या वितायला लागल्यापासून तो माणूस झोपलेला नाही. उभ्या उभ्या डोळे मिटतो आणि त्याला झोप म्हणतो.

"एमरिस," मी म्हटलं, "शनिवारी सकाळी तू एक कोकरू सोललंस का?"

"सोललं असेन. रोजच सोलतो."

"त्याचं कातडं कुठे आहे?"

त्याने कोकराकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बादली त्याने फार हळू खाली ठेवली.

"कोट हरवला, हे तू मला सांगितलं का नाहीस?" तो वहिनींना म्हणाला.

"तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता!"

"मी? तूच बोलत नव्हतीस!"

हे दोन्ही खरं होतं. चॅपेलच्या चहासाठी वहिनींनी ओव्हनमध्ये ठेवलेला केक एमरिसने अर्धकच्चा बाहेर काढून तिथे एक गारठलेलं कोकरू ऊब द्यायला ठेवलं होतं. कोकरू जगलं, केक बसला, आणि तेव्हापासून पेनलानच्या घरात शब्द म्हणून निघाला नव्हता. वहिनींना नागडं कोकरू माहीत होतं (पेरोबद्दल त्यांनी बाहेरून 'कोकरू मारलं' एवढंच ऐकलं होतं), एमरिसला कातडं माहीत होतं, आणि दोघांच्या मध्ये एक बसलेला केक होता. त्यापायी पेरोचा जीव जात होता, आत्या! मग आम्ही तिघांनी मिळून सगळी कोकरं मोजली. शनिवारपासून एकही कमी झालेलं नव्हतं. कातडं कोल्हिणीने ओढलं, कोकरू त्यातून निसटलं आणि पेरोने ते स्वतःचा कान फाडून घेऊन तिच्याकडून हिसकावलं, असं माझं म्हणणं. एमरिसचं म्हणणं, कातडं नुसतंच गळून पडलं असेल आणि कान कुंपणाच्या तारेने फाटला असेल. काही असो. कोकराच्या अंगावर दाताची खूण नव्हती.

(इथे पत्र थांबवावं लागलं. दारात एमरिस उभा होता. तेच आता सांगतो.)

एमरिस मटणाचं मोठं हाड घेऊन आला होता, चांगलं मांस लागलेलं. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. टोपी काढून तो पेरोसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चुकलं माझं." एवढंच. मग हाड खाली ठेवलं. मला वाटलं आता हा तुटून पडणार. पण पेरोने ते हुंगलं, दातात धरलं आणि उघड्या दारातून तडक बाहेर गेला. एक चाटसुद्धा घेतली नाही. "मानी आहे," एमरिस म्हणाला आणि त्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. मग जाता जाता म्हणाला की त्याची खात्री पटली असली तरी खोऱ्यात घरोघर बोभाटा झालेला आहे आणि मालकिणीने शब्द दिलेला आहे. तो तिने मागे घेतला असं कळेपर्यंत कुणी पेरोला आपल्या रानात पाऊल टाकू देणार नाही. तोही नाही, कारण त्याने सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील? तेव्हा आत्या, सगळं तुझ्यावर येऊन थांबलं आहे. एक ओळ लिही. पेरोने मेंढीला तोंड लावलेलं नाही, असं मी लिहून देतो, एमरिस लिहून देतो, आणि पाद्रीसाहेब टोपी परत न मिळण्याच्या अटीवर शपथेवर सांगायला तयार आहेत.

बाकी सर्व क्षेम. खुब्याला जप. शेजारणीला माझा नमस्कार सांग, किंवा सांगू नकोस, जे चालू असेल त्याप्रमाणे.

तुझा, नेम नसलेला पण नियत साफ असलेला भाचा,
मेरिग

ता. क. बंदूक मी घासूनपुसून ठेवली आहे. पेपरमिंटचा वास काही जात नाही. पाद्रीसाहेब म्हणतात, हुवेलला आवडलं असतं.

आणखी ता. क. पाकीट डकवायच्या आधी पेरोच्या मागे गेलो. हाड कुठे पुरतो ते बघावं म्हटलं. तो रस्ता सोडून पेनलानच्या रानाखालून, ओढ्यातून, थेट हाफोदला गेला. मीही गेलो, आणि आत्या, इतके महिने मी तुझं घर पुढूनच बघत होतो. तुझ्या मागच्या दाराच्या पायरीवर ढीग आहे. प्लॅस्टिकचा कावळा. माझा हातमोजा. माझी सपात. दोनचार सशांची कातडी, एक सडलेलं शेपूट. सगळ्यात वर एमरिसचं हाड, तसंच्या तसं. तो चोर नाही. त्या दिवशीही तो आमच्याकडे येत नव्हता गं, आमच्या समोरून तुझ्याकडेच निघाला होता, म्हणून तर कातडं सोडत नव्हता. हाड ठेवून तो दाराकडे तोंड करून बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. फार वाईट वाटलं, आत्या. मला वाटत होतं की तो माझ्यावर रुसला आहे. त्याच्या हिशेबी मी त्यात कुठे नव्हतोच.

शेवटचा ता. क. पाद्रीसाहेबांची टोपी ढिगात नाही. ती तुझ्या कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्याखाली आहे आणि तिच्यावर ती कोल्हीण तिची पिल्लं घेऊन झोपली आहे. पेरो आणि ती एकमेकांना न पाहिल्यासारखं करतात. तुझ्या अंगणात तुझ्या शब्दाशिवाय मला बंदूक उचलता येत नाही, रीत आहे, आणि एमरिसला हे अजून सांगितलेलं नाही. तेव्हा पेरोबद्दलची ती एक ओळ पत्राने पाठवू नकोस. शुक्रवारच्या बसने ये आणि खुराड्याशी उभी राहून पेरोचा आणि कोल्हिणीचा, दोन्ही शब्द तोंडाने सांग. नेरिसला म्हणावं, जिने काय, आपल्याकडेही आहेत. मनुकांचा पाव मात्र विकतचा आणू नकोस, त्याला टोक नसतं. माझी सपात मी तिथून उचललेली नाही. ती तुला आणलेली आहे.